मदत हवी आहे: बर्फ वितळायच्या दिवसांत ओढ्यावर ट्राउटसाठी नेमकी वेळ कोणती?

मंडळी, वसंत सरत आला की मी डोंगरातल्या ओढ्यांवर ट्राउट धरायला जातो. यंदा सलग दोन दिवस रिकाम्या हातांनी परतलो, म्हणून विचारतोय.

सकाळी आठला पाणी अगदी नितळ होतं, पण थर्मामीटर बुडवला तर जेमतेम ५ अंश. निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखा बनवलेला गळ) तळालगत वाहू दिली, एकदाही दोर हलला नाही. दुपारी ऊन तापलं, आता मासा हलेल असं वाटलं, तर तीनच्या सुमारास पाणी वीतभर चढलं आणि मातकट झालं. त्यातच वरच्या शिखरावर ढग जमून गडगडायला लागलं. सामान गुंडाळून खाली उतरलो. दुसऱ्या दिवशीही हेच. रात्री आभाळ निरभ्र होतं, पहाटे गवतावर हिम होतं.

पाणी स्वच्छ तेव्हा फार गार आणि ऊब येते तेव्हा गढूळ. मग गळ टाकायचा कधी? की सरळ तळ्याकडे वळू?

प्रतिसाद १
उत्तर तुमच्या निरभ्र रात्रीच्या ओळीतच आहे. निरभ्र रात्री बर्फ पुन्हा गोठतो, म्हणून सकाळी पाणी कमी, नितळ आणि गारठलेलं. दुपारचं वितळलेलं पाणी तुमच्यापर्यंत तीनला पोचतं. बर्फ जितका दूर, तितका लोंढा उशिरा. तेव्हा साडेदहा ते दोन एवढीच वेळ धरा आणि दर अर्ध्या तासाने पाणी मोजा. ७-८ अंशांवर मासा खायला लागतो, १० ते १६ मध्ये त्याला खरी भूक असते. त्याखाली तो अन्नामागे धावत नाही. निम्फ जड घ्या, अगदी त्याच्या तोंडापुढून जाऊ द्या.

पाणी चढलं तर मधली धार सोडा. मासा काठालगत, खडकांच्या आडोशाला सरकतो. तिथे मोठी काळी स्ट्रीमर (छोट्या माशासारखा दिसणारा गळ) चालते.

गडगडताच खाली उतरलात हे फार बरं केलंत. कार्बनचा रॉड वीज वाहतो. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तरी पाण्याकडे फिरकू नका.

प्रतिसाद २
बर्फ नुकताच फुटलेलं तळं मिळालं तर जरूर जा, काठाचं उथळ पाणी आधी तापतं. एक कळकळीची विनंती: रेनबो ट्राउट याच दिवसांत अंडी घालतात. ओढ्याच्या तळाशी घासल्यासारखा स्वच्छ, फिकट गोट्यांचा पट्टा दिसला तर ते त्यांचं घरटं, त्यावर पाय ठेवू नका.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. तसा पट्टा मी पाहिला होता आणि नकळत त्यातूनच ओढा ओलांडला. आता वरच्या अंगाने खडकांवरून जाईन. निम्फ जड करायची तर मणी टंगस्टनचा घेऊ, की दोरावर वेगळं शिसं लावू?