घडीचा फोन रोजच्या वापराला टिकतो का? अनुभवी वापरकर्त्यांचा सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

फोन बदलायचा आहे आणि या वेळी पुस्तकासारखा उघडणारा फोन घ्यावा, असे मनात आहे. माझे बरेचसे काम पीडीएफ वाचून त्यावर खुणा करण्याचे आणि प्रवासात एक्सेलचे तक्ते तपासण्याचे असते. साध्या फोनवर तक्त्याचे दोन रकाने वाचता येतील एवढे मोठे केले की तिसरा स्क्रीनबाहेर जातो, त्यामुळे मोठ्या स्क्रीनची ओढ केवळ हौसेची नाही.

२०१९ मध्ये सॅमसंगचा पहिला फोल्ड परीक्षकांच्याच हातात बिघडला आणि त्याची विक्री लांबणीवर पडली, ती अवस्था आता राहिलेली नाही. बिजागरीचीही मला फारशी धास्ती वाटत नाही. दोन लाख घड्यांचा कंपनीचा दावा खरा धरला, तर दिवसाला १०० वेळा उघडझाप करूनही पाच वर्षे निघतात. (अर्थात, चाचणीतले यंत्र फोन खिशात कोंबत नाही.)

खरी शंका आहे ती धुळीची. सॅमसंगच्या गॅलेक्सी झेड फोल्ड ६ चे आयपी मानांकन (धूळ आणि पाणी किती अडते, ते सांगणारे) आयपी४८ आहे. त्यातल्या ४ चा अर्थ एवढाच, की एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण आत जाणार नाहीत. खिशाच्या शिवणीत साठणारी धूळ त्याहून पुष्कळ बारीक असते. असा एखादा कण मिटलेल्या स्क्रीनच्या मधोमध अडकला, तर अतिपातळ काचेवरच्या मऊ प्लास्टिकच्या थरावर व्रण उठणारच, असे मला वाटते. गूगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी६८ मिळाले आहे, म्हणजे धूळ आत शिरत नाही, परंतु ते मानांकन कण फोनच्या आत शिरण्यापुरते आहे, दोन्ही बाजूंमध्ये चिरडला जाणारा कण त्यात येत नाही.

म्हणून ज्यांनी असा फोन दोन वर्षे तरी वापरला आहे, त्यांनी कृपया सांगावे: आतल्या स्क्रीनचा संरक्षक थर घडीपाशी सुटू लागला का, आणि तो बदलताना खालच्या काचेला धक्का लागला का? नवलाई ओसरल्यावर मोठी स्क्रीन दिवसातून खरोखर किती वेळा उघडली जाते? बराच वेळ वाचताना घडीची रेघ डोळ्यांना खुपते का?

आडवी घडी पडणारे फ्लिप फोन मात्र सुचवू नयेत. ते खिशात छान मावतात, पण उघडल्यावर त्यांची स्क्रीन साध्या फोनएवढीच असते.