शब्दचर्चा: ‘व्होट युअर कॉन्शन्स’ला मराठीत काय म्हणाल?

मूळ प्रश्न

अमेरिकेतल्या निवडणुकांवर एक लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. तिथे मतदाराला कायम सांगितलं जातं, ‘व्होट युअर कॉन्शन्स’. याला बोलण्यात बसेल असा मराठी शब्द हवा आहे. शब्दकोशातला मला माहीत आहे, तो पुरत नाही. का, ते सांगते.

२००८ चा ऑक्टोबर. आम्ही कॅलिफोर्नियात राहत होतो. बाबांना नागरिकत्व नुकतंच मिळालेलं, त्यांची तिथली पहिलीच अध्यक्षीय निवडणूक. टपालाने आलेली मतपत्रिका त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली, चष्मा पुसला आणि आधी ओबामांना मत देऊन टाकलं. मग आले राज्याचे प्रस्ताव. आठव्या प्रस्तावापाशी पेन थांबलं. समलिंगी जोडप्यांना त्याच वर्षी जूनपासून कॅलिफोर्नियात लग्न करता येऊ लागलं होतं. तो हक्क राज्यघटनेत दुरुस्ती करून काढून घ्यायचा का, असा प्रश्न होता. म्हणजे ‘हो’ म्हटलं तर लग्नाला बंदी आणि ‘नाही’ म्हटलं तर लग्नाला मुभा. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा समजून घेतलं.

“आपल्या मंडळातले बाकीचे काय करणार आहेत?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “बाबा, व्होट युअर कॉन्शन्स.”

“मराठीत सांग.”

“मनाला येईल तसं.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “मनाला येईल तसं? दोन माणसांच्या लग्नाचा निकाल मी मनाला येईल तसा लावू?”

शब्द चुकला, हे तेव्हाच कळलं. बरोबर कोणता, ते अजून सापडलेलं नाही.

प्रतिसाद

ताई, मराठी वर्तमानपत्रांत हा शब्द १९६९ पासून रुळलेला आहे: सदसद्विवेकबुद्धी. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लागली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, आणि इंदिरा गांधींनी आमदार-खासदारांना सांगितलं की सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या. दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली आणि अपक्ष उभे राहिलेले व्ही. व्ही. गिरी निवडून आले. त्या निवडणुकीत तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रातलं मंत्रिपद सोडणारे. आमच्या घरी तेव्हा ‘आतला आवाज’ हा शब्द उठता-बसता ऐकू यायचा.

प्रतिसाद

सदसद्विवेकबुद्धी अचूक आहे, पण कोणी टेबलाशी बसून आपल्या वडिलांना म्हणेल का, “बाबा, सदसद्विवेकबुद्धीनुसार करा”? भाषणातला शब्द आहे तो.

शिवाय १९६९ चा संदर्भ निराळा. तिथे मतदार म्हणजे लोकप्रतिनिधी, आणि प्रश्न होता पक्षाचं ऐकायचं की नाही. जर्मनीत २०१७ मध्ये हेच झालं. तेव्हाच्या चॅन्सेलर (सरकारप्रमुख) मर्केल यांनी आपल्या खासदारांना पक्षादेशातून मोकळं केलं आणि ३० जूनला समलिंगी विवाहाचा कायदा ३९३ विरुद्ध २२६ मतांनी मंजूर झाला. स्वतः मर्केल यांनी विरोधात मत दिलं. तिथल्या राज्यघटनेतच लिहिलं आहे की खासदार फक्त आपल्या सदसद्विवेकबुद्धीला बांधील असतो. पण ताईंच्या वडिलांवर कुणाचा पक्षादेश होता? कुणाचाच नाही. त्यांना मोकळं व्हायचं होतं ते ‘मंडळातले बाकीचे काय करणार’ यातून.

प्रतिसाद

मग तुकोबांकडे चला की. ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥’ कॉन्शन्स म्हणजे नेमकं हेच. मनाला साक्षीदार करायचं आणि चार लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवायचं. फक्त तिथला ‘बहुमत’ म्हणजे आजचं मोजणीतलं बहुमत नव्हे, लोकांची नाना मतं.

प्रश्नकर्ती

ग्वाही! हा शब्द मला सुचलाच नव्हता. यावरून एक लक्षात आलं. मत आणि मन एकाच धातूतून आले आहेत, ‘मन्’ म्हणजे विचार करणे. मराठीत ‘माझं मत आहे’ आणि ‘मी मत दिलं’ या दोन्हींना एकच शब्द. म्हणून ‘मनाप्रमाणे मत’ म्हटलं की पाण्यासारखं पाणी म्हटल्यासारखं वाटतं. इंग्रजीत हे दोन शब्द वेगळे असल्यामुळे मध्ये तिसरा बसवता येतो.

प्रतिसाद

‘मनःपूत’ या शब्दाचं काय झालं बघा. जुन्या श्लोकात आहे, ‘मनःपूतं समाचरेत्’. पाऊल बघून टाकावं, पाणी कापडाने गाळून प्यावं, बोलणं सत्याने गाळावं आणि वागणं मनाने गाळावं. पूत म्हणजे शुद्ध केलेलं. आणि आज आपण म्हणतो, “मनःपूत आमरस हाणला.” गाळणं गेलं, पोटभर तेवढं राहिलं. ताई, तुमच्याकडून ‘मनाला येईल तसं’ निघालं ते या उतारावरूनच. मनाचे शब्द मर्जीकडे घसरतात.

प्रतिसाद

एक शंका, आणि ती मनापासून आहे. तुम्ही सगळे असं गृहीत धरताय की कॉन्शन्सने मत देणारा माणूस समलिंगी विवाहाच्या बाजूनेच देणार. अमेरिकेत उलटच जास्त झालं. २ नोव्हेंबर २००४ ला बुश-केरी लढतीच्या दिवशीच ११ राज्यांत समलिंगी विवाहाला बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्त्या मतदानाला होत्या आणि अकराही मंजूर झाल्या. त्या लोकांना चर्चमधून हेच सांगितलं होतं की विवेकाला स्मरून मत द्या. कॅथलिक बिशपांनी २००७ मध्ये मतदारांसाठी पत्रक काढलं, त्यात तर विवेक ‘घडवण्या’ची भाषा आहे. माझ्या सासूबाई तिकडेच असतात, अत्यंत भली बाई, त्यांनी बंदीच्या बाजूने मत दिलं आणि त्यांना रात्री शांत झोप लागली. त्यांचा विवेक खोटा म्हणणार का?

प्रश्नकर्ती

खोटा नाही म्हणणार. शब्द दोन्ही बाजूंना सारखाच लागू व्हायला हवा, नाहीतर तो घोषणा होईल. २०१६ मध्ये रिपब्लिकन अधिवेशनात उमेदवारीच्या शर्यतीत ट्रम्पकडून हरलेले टेड क्रूझ यांनी व्यासपीठावरून ‘विवेकाने मत द्या’ म्हटलं आणि सभागृहाने हुर्यो उडवली. सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला, ट्रम्पना देऊ नका.

पण शांत झोप लागणं ही मला विवेकाची खूण वाटत नाही. ‘विवेक’ शब्दातच वेगळं करणं आहे. इथे काय वेगळं करायचं? मला काय रुचत नाही आणि कुणाचं काय चुकतंय, या दोन गोष्टी. बाबांना दोन पुरुषांचं लग्न रुचत नव्हतं, ते तसं सरळ म्हणाले. पण आमच्या शेजारी दोन म्हातारे गृहस्थ तीस वर्षं एकत्र राहत होते. एकाचं पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसरा रोज संध्याकाळी त्याला हाताला धरून आमच्या फाटकापर्यंत आणायचा आणि परत न्यायचा. बाबा खिडकीतून बघायचे. त्यांनी मतपत्रिका घडी करून देवघराच्या खणात ठेवली आणि तीन दिवस बाहेर काढली नाही.

‘आतला आवाज’ मला म्हणूनच नको आहे. आवाज आला की आला, त्याला कुणी उलटतपासणी करत नाही.

प्रतिसाद

अवांतर: लेखात ‘समलैंगिक’ नको, ‘समलिंगी’ लिहा. पहिला हिंदीतून आलाय.

प्रतिसाद

ओबामांनीच तेव्हा विवाह स्त्री-पुरुषांचा म्हटलं होतं ना? मग त्यांना मत आणि प्रस्तावाला विरोध, हे एका मतपत्रिकेवर कसं बसायचं?

प्रश्नकर्ती

बसत होतं. त्यांची तेव्हाची भूमिका तीच होती, तरी आठव्या प्रस्तावाला त्यांचा विरोध होता. समलिंगी विवाहाला त्यांनी जाहीर पाठिंबा दिला तो ९ मे २०१२ ला. कॅलिफोर्नियात ओबामांना सुमारे ६१ टक्के मतं पडली आणि त्याच दिवशी, त्याच मतदारांनी प्रस्तावही ५२ टक्क्यांनी मंजूर केला. जून ते नोव्हेंबर या काळात सुमारे १८,००० जोडप्यांची लग्नं लागली होती. त्यांच्या मागून दार बंद झालं. ते २०१३ मध्ये न्यायालयामुळे उघडलं, आणि २६ जून २०१५ ला देशभर.

पण राज्यघटनेत ते वाक्य तसंच राहिलं होतं. ते काढायचा प्रस्ताव आला २०२४ मध्ये, पुन्हा अध्यक्षीय निवडणुकीबरोबर. मतदारांची मार्गदर्शिका हिंदीत मिळते, मराठीत नाही. बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. प्रस्ताव तिसरा. या खेपेला ‘हो’ म्हणजे मुभा.

त्यांनी मला थांबवलं. “म्हणजे मागे ‘नाही’ होतं ते आता ‘हो’ करायचं. बरोबर ना?”

सोळा वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “बाबा, तेव्हा कसं ठरवलंत?”

“मनाला विचारलं,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी मला हवं ते सांगत होतं. तिसऱ्या दिवशी नको ते सांगायला लागलं. मग भरलं.” आणि पाकिटावर सही करायला पेन मागितलं.

लेखात ‘मनाला विचारून मत द्या’ असं लिहिते आहे. कुणाला खटकत असेल तर रविवारपर्यंत सांगा, त्यानंतर लेख पाठवायचा आहे.