मदत हवी: मातीच्या बांधाखाली ओल आली आहे, रविवारी मुलं पाण्यात उतरवावीत का?

रानवाट_भोर
मंडळी, जरा लवकर सांगा. भोरकडे आमच्या शेतात वडिलांनी ओढ्यावर घातलेला मातीचा बांध आहे. यंदा तळं तुडुंब भरलंय. काल बांधाच्या खालच्या अंगाला ओल दिसली, पाय दिला की पाणी वर येतं. रविवारी सगळी भावंडं पोराबाळांसकट येणार आहेत. चुलतभावाने ट्यूब आणि दोन कयाक आणून ठेवल्यात, पुढे त्याला तिथे कृषी पर्यटन सुरू करायचंय. ओल बंद करायला कुठलं वॉटरप्रूफिंगचं सिमेंट लावू? भोरच्या बाजारात मिळेल असंच सांगा.

काळी_माती
ताई, एवढ्यावर काहीच सांगता येत नाही. बांध किती उंच? ओल पायथ्याशी की उतारावर मध्येच? पाणी स्वच्छ की गढूळ? सांडवा, म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट, कुठे आहे? खाली कोण राहतं?

हिरवी_मळी
सिमेंट अजिबात नको, बेंटोनाइट ही फुगणारी चिकणमाती वापरा. आमच्या शेततळ्याची गळती त्यानेच थांबली. पोती आणायची आणि तळात पसरायची, माती ओली झाली की फुगून भेगा बुजतात.

जुना_अभियंता
हिरवी_मळी, तुमचं शेततळं जमिनीत खोदलेलं आहे, इथे पाणी जमिनीच्या वर बांधाने अडवलंय. आणि भरलेल्या तळ्यात पोती कुठे टाकणार?
रानवाट, बांधाच्या खालच्या बाजूने काहीही लिंपू नका. सिमेंट नको, चिकणमातीही नको. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच. त्याची वाट खालून बंद केली की आत दाब चढतो आणि ते दुसरीकडून माती घेऊन बाहेर पडतं. काळी_माती यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आधी द्या.

रानवाट_भोर
उंची साधारण 6 मीटर, लांबी 70 च्या आसपास. मध्ये काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड. पाणी गढूळ आहे का ते पाहिलं नाही, पावसात सगळंच गढूळ दिसतं. सांडवा आहे ना, डाव्या टोकाला. पण माझा प्रश्न सिमेंटचा होता.

सातबारा_वाचक
एक महत्त्वाचं. तुमचा बांध ओढ्यावर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 20 बघा. नदी, नाले, ओढे शासनाचे असतात, शेत तुमचं असलं तरी. पर्यटनासाठी नोंदणी करायला गेलात की पहिला प्रश्न हाच येईल. 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंद होते, पण त्याआधी बांधाची परवानगी शोधून काढा.

काळी_माती
कागद नंतर बघता येतील, आधी गढूळपणा. बिनरंगी काचेच्या बाटलीत ते पाणी धरा, तासभर हलवू नका. तळाशी मातीचा थर बसला तर बांधातून माती निघतेय. रोज त्याच वेळी भरून बाटल्या ओळीने ठेवा. ओलीच्या कडेने खुंट्या ठोका, म्हणजे ती पसरतेय का ते कळेल. पाणी वाहत असेल तर बादली लावून किती वेळात भरते ते लिहा. पाऊस नसताना, तळ्याची पातळी तीच असताना गळती वाढली तर ते वाईट लक्षण.

वाशिष्ठीकाठ
मी चिपळूणचा. 2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली माणसं घरांसकट वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर खेकड्यांनी धरण पोखरलं म्हणून बरीच चर्चा झाली. खेकडे, घुशी बिळं करतात हे खरंच आहे, पण बांधावर नजर ठेवणं माणसाचं काम. ताई, तुमच्या बांधाखाली किती घरं आहेत ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

हिरवी_मळी
तिवरे मोठं धरण होतं. 6 मीटरच्या बांधाला त्याची भीती कशाला?

वाशिष्ठीकाठ
रात्री पाणी घरात शिरल्यावर धरण लहान की मोठं हे कोणी विचारत नाही.

जुना_अभियंता
2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, 10 ते 15 मीटरमधल्यांना काही अटींवर. 6 मीटरचा बांध त्यात येतच नाही. म्हणजे त्याची पाहणी करायला कोणी येणार नाही, ती तुम्हालाच करायची आहे.
आणखी एक. पाणी शेताला कसं काढता? बांधातून पाइप आहे का?

रानवाट_भोर
पाइप आहे की. 6 इंची. आधी इंजिनाने पाणी उचलायचो, मग भावाने जेसीबीने बांध कापून पाइप टाकला आणि पुन्हा माती भरली. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला. ओल त्या व्हॉल्व्हच्या डावीकडेच आहे. खाली आमच्याच वाटेकऱ्याचं घर आणि पुढे वस्ती, सहा-सात उंबरे.

जुना_अभियंता
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. मातीच्या बांधात पाइपची बाजू सर्वांत कच्ची. जेसीबीच्या बकेटने वरून दाबलेली माती पाइपच्या कुशीखाली घट्ट बसत नाही. तिथे पोकळी राहते आणि पाणी पाइपच्या बाहेरून, त्याच्या लांबीने वाट काढतं. दुसरं, व्हॉल्व्ह खाली असल्यामुळे बांधातला सगळा पाइप कायम दाबाखाली आहे. एखादा जोड सुटला असेल तर पाणी बांधाच्या पोटात फवारलं जातंय.
परीक्षा सोपी आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि काही तास ओलीवर लक्ष ठेवा. गळती चटकन कमी झाली तर जोड गळतोय. फरक पडला नाही तर पाणी बाहेरच्या बाजूने येतंय.

वाळा_लावा
बांधावर वाळा लावा! मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात. आमच्याकडे बांधबंदिस्तीला हाच उपाय.

काळी_माती
वाळा धूप थांबवायला उत्तम, पण पाइपशेजारची गळती गवताने थांबत नाही. बांधावर झाडं आहेत का, ताई? मोठी झाडं नकोत. पण तोडून खोडंही तशीच ठेवू नका. मुळं कुजली की पाण्याला आयती नळी मिळते.

वाळा_लावा
मी गवताबद्दल बोलतोय, झाडांबद्दल नाही. वाळ्याला झाडाच्या पंक्तीत बसवू नका.

वैनगंगाकाठ
आमच्या भंडारा-गोंदियाकडचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव बघा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मातीची पाळ घालून बांधले. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेल्यावर ते सरकारकडे आले आणि कित्येक ठिकाणी गाळ साचला, पाळीची देखभाल सुटली. पूर्वी पावसाळ्याआधी पाळ आणि सांडवा बघितल्याशिवाय गाव स्वस्थ बसायचं नाही.

तळ्यातला_मासा
रोहू, कटला सोडलेत का? असतील तर सांडव्याला जाळी लावली आहे ना? नाहीतर पुरात सगळं बीज वाहून जातं.

रानवाट_भोर
मासे आहेत. हो, सांडव्यावर लोखंडी चौकटीची जाळी आहे, पाला अडकतो तिला.

जुना_अभियंता
ती जाळी आजच काढा! मातीच्या बांधाचा घात वरून पाणी गेल्याने होतो. 4 मीटर रुंद सांडव्यावरून अर्धा मीटर खोल पाणी जात असेल तर सेकंदाला साधारण 2,400 लिटर वाहतं. पाल्याने वाट अडून तीच खोली पाव मीटर राहिली तर साडेआठशेच्या आसपास. बाकीचं पाणी तळ्यात चढत जातं आणि बांधाच्या माथ्यावरून उतरतं. भोरकडचा एका रात्रीचा पाऊस त्याला पुरतो.

तळ्यातला_मासा
मग माशांचं काय? त्यातही पैसे घातलेत त्यांनी.

वाशिष्ठीकाठ
मासे पुढच्या वर्षी पुन्हा सोडता येतात.

पोहणारी_सावी
सगळे बांधावर बोलताहेत, मुलांबद्दल मी सांगते. मी लहान मुलांना पोहायला शिकवते. ट्यूब हे सुरक्षेचं साधन नाही. वाऱ्याने ती खोलात सरकते आणि मूल खालून निसटतं. मापाचं लाइफ जॅकेट, पट्टे आवळून, कयाकमध्येसुद्धा. पिचिंगच्या दगडांवर शेवाळ धरतं, तिथून उतरू देऊ नका. पाइपच्या तोंडापाशी कोणीही जायचं नाही, व्हॉल्व्ह उघडा असताना ओढ असते. बुडालेल्या भागात जुनी विहीर किंवा झाडांची खोडं आहेत का ते वडिलांना विचारा. काठावर लांब दोर आणि झाकण घट्ट लावलेले रिकामे कॅन ठेवा. कोणी बुडत असेल तर आधी ते फेका, उडी मारू नका, वाचवायला गेलेलाही त्याच पाण्यात जातो.
पण या रविवारी नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून नाही असंच आहे.

रानवाट_भोर
व्हॉल्व्ह उघडून बघितला. तीन-चार तासांत ओल कमी झाली, पण पूर्ण थांबली नाही. बाटलीत अगदी बारीक थर बसलाय. जाळी काढली. भाऊ चिडलाय, म्हणतो उगाच घाबरवता. वाटेकऱ्याला सांगितलंय. आता पाइप उपटून नवीन टाकू का?

जुना_अभियंता
भरलेल्या तळ्यात बांध उकरायचा नाही, काहीही झालं तरी. व्हॉल्व्ह उघडाच ठेवा आणि पातळी उतरू द्या, पण दिवसाला साधारण फूटभरच. त्याहून भराभर उतरवली तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो. पाइपमधून बाहेर पडणारं पाणी बांधाच्या पायाशी सोडू नका, नळी लावून ओढ्यात लांब न्या. पाइप जानेवारीनंतर तळं रिकामं झाल्यावर बदला, आणि तेव्हा व्हॉल्व्ह पाण्याच्या बाजूला घ्या.
तोवर ओलीवर उलटा फिल्टर घाला. आधी वाळू, तिच्यावर खडी, त्यावर दगडांचं वजन. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. बाटलीत मातीचा थर बसतोय, तेव्हा रात्रीही कोणीतरी बांधावर बघायला हवं. पाणी एकदम गढूळ झालं, जोर वाढला किंवा बांधाचा माथा खचलेला दिसला तर वस्ती तेव्हाच हलवा, सकाळची वाट बघू नका. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि 112 दोन्ही नंबर वाटेकऱ्याच्या मोबाइलमध्ये भरून द्या.

रानवाट_भोर
भरले. वस्तीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगून आले. भावंडांना रविवारी घरीच जेवायला बोलावलंय, तळ्यावर नाही. वाळू कुठली घेऊ? इथे क्रशरची मिळते.

जुना_अभियंता
क्रशरची चालेल, पण धुतलेली. धूळ असेल तर फिल्टर चोंदतो. खडी 10 ते 20 मिलिमीटरची. वाळूचा थर किमान वीतभर जाड, आणि ओलीच्या कडेपलीकडे चारही बाजूंनी हातभर पुढे न्या. प्लास्टिक किंवा ताडपत्री मध्ये घालू नका.