घरात वेगळ्या मताच्या माणसाला राहू देणं म्हणजेच सहिष्णुता का?

पानगळ:
माझ्या धाकट्या दिराचा देवावर विश्वास नाही. संध्याकाळी घरात प्रार्थना सुरू झाली की तो आपल्या खोलीत जातो. सासरे त्याला बोलावत नाहीत. पण जेवताना त्याने हा विषय काढला की म्हणतात, "तुला काय मानायचं ते मान, बोलायचं नाही." पाहुण्यांना मात्र अभिमानाने सांगतात की आमचं घर सहिष्णू आहे. सासरे वाईट नाहीत हो. दिराच्या आजारपणात रात्र रात्र जागलेत. म्हणूनच मला ठरवता येत नाही. याला सहिष्णुता म्हणायचं का?

वाटसरू:
अजिबात नाही. ही गळचेपी आहे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने सांगूनच ठेवलंय की असहिष्णू माणसांना सहन करायचं नसतं. दिराने ठणकावून बोलावं.

जुना वाचक:
वाटसरू, पॉपरचं ते म्हणणं १९४५ च्या ग्रंथातल्या एका तळटीपेत आहे आणि त्याचा अर्धाच भाग सगळीकडे फिरतो. समोरच्याला युक्तिवादाने उत्तर देता येतंय तोवर त्याचं तोंड दाबणं शहाणपणाचं नाही, असंही तो तिथेच म्हणतो. बळाचा हक्क त्याने राखून ठेवलाय तो युक्तिवाद ऐकायलाच नकार देऊन हातघाईवर येणाऱ्यांसाठी. मुलासाठी रात्री जागणाऱ्या बापाला त्या रांगेत बसवू नका.

पानगळताई, सासऱ्यांच्या पदरात थोडं श्रेय टाकायलाच हवं. ज्याला देवाधर्माचं सोयरसुतकच नाही, त्याला मुलाच्या नास्तिकतेचं काय वाटणार? तुमच्या सासऱ्यांना ती आतून टोचते, घरात त्यांचा शब्दही चालतो, आणि तरी ते मुलाला ओढून प्रार्थनेला बसवत नाहीत. सहिष्णुतेची सुरुवात इथूनच होते.

पण ही अजून नुसती मुभा आहे. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतचा फर्मान काढून प्रॉटेस्टंट प्रजेला उपासनेची मोकळीक दिली. तीही ठरलेल्या ठिकाणीच, पॅरिसमध्ये नाही. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातल्या इतक्या वर्षांच्या धर्मयुद्धांनंतर ते मोठंच पाऊल होतं. पुढे त्याच्याच नातवाने, चौदाव्या लुईने, १६८५ मध्ये तो फर्मान रद्द केला आणि लाखाहून जास्त माणसं देश सोडून गेली. मुभा देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते. तुमच्या दिराला हे कळत असणार, म्हणूनच तो खोलीत जातो.

पानगळ:
हे पटलं. पण दुसरी बाजूही सांगते. बोलायची संधी मिळाली की दीर प्रार्थनेची नक्कल करतो. सासूबाईंचा चेहरा तेव्हा बघवत नाही.

जुना वाचक:
मग दोघांनाही अशोकाचा बारावा शिलालेख वाचून दाखवा. इसवीसनाच्या आधी तिसऱ्या शतकातला आहे, आणि राजा त्यात मागतो काय, तर वाणीचा संयम! उगाच आपल्या पंथाची बढाई नको, दुसऱ्याच्या पंथाची निंदा नको. मला त्याच्या पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. लोकांनी एकमेकांचा धर्म ऐकावा, असं तो म्हणतो. म्हणजे संयम पाळायचा तो गप्प बसण्यासाठी नाही, बोलणं चालू राहावं म्हणून. दिराने "मला हे पटत नाही, कारण असं असं" हे जरूर म्हणावं. नक्कल करून त्याला काहीच सांगता येत नाही. आणि सासऱ्यांनी ते कारण शेवटपर्यंत ऐकावं, मध्ये न थांबवता. मला विचाराल तर आधी सासऱ्यांनी सुरुवात करावी, कारण घरात अधिकार त्यांच्या हातात आहे.

पानगळ:
आणि सगळं ऐकूनही दोघं आपापल्या मतावर ठाम राहिले तर?

जुना वाचक:
राहू देत की. सासऱ्यांची श्रद्धा ढळायला नको, दिराने ती स्वीकारायलाही नको. पुढच्या वेळी त्याने विषय काढला आणि कुणी ताटावरून उठलं नाही, तर मी त्याला सहिष्णुता म्हणेन.