बाँडवरची डॉक्टर आणि आपला फौजदार: गावाला काय त्रास?

गुळाचा खडा: तालुक्याचं नाव देत नाही, कोल्हापूर जिल्ह्यातलंच. सरकारी कॉलेजातनं एमबीबीएस झालेली नागपूरची पोरगी वर्षभराच्या बाँडवर (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर) आमच्या ग्रामीण रुग्णालयात आलीय. तांबडा रस्सा तिला फिका लागतो, एवढा गुन्हा सोडला तर माणूस सोन्यासारखं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं, रस्ता बंद झाला, तेव्हा वाडीवरच्या बाळंतिणीला ट्रॅक्टरमधनं आणायला ती आणि फौजदार गेले होते. तिथनंच जमलं म्हणतात. आता कट्ट्यावर रोज तोच विषय. दोघं सज्ञान, बिनलग्नाची. गावानं मध्ये पडायचं कारण काय?

कागदी घोडा: प्रेमाला कोण अडवतंय? प्रश्न कामाचा आहे. अटक केलेल्या माणसाची डॉक्टरकडनं तपासणी करावीच लागते. आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम 54 होतं, 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 53. अंगावर मारहाणीच्या खुणा आहेत का, अंदाजे कधीच्या, हे डॉक्टरनं लिहायचं आणि प्रत आरोपीला द्यायची. कोठडीत हात उचलला असेल तर गरिबाकडं तेवढाच कागद. त्यावर फौजदाराच्या होणाऱ्या बायकोची सही?

रंकाळ्याचा वारा: मग दुसऱ्या डॉक्टरनं तपासायचं. मिटलं.

कागदी घोडा: रात्री दोनला दुसरा कुठनं आणणार? ड्युटीवर एकच असतो.

पेठेतला पैलवान: काय कायद्याचा कीस पाडालाय राव! डॉक्टर बाप्या असता आन फौजदारासंगं रोज रातच्याला मटणावर बसला असता, तर आठवलं असतं का कलम 53? तवा म्हटला असता, दोस्ती बघा, जगात भारी!

कागदी घोडा: आठवलं नसतं, खरंय. आठवायला पाहिजे होतं.

केसपेपर: मी तिथंच नोकरीला आहे म्हणून सांगतो. एका रात्री आरोपी आणला. पाठीवरचे दोन वळ तिनं पट्टीनं मोजून लिहिले, फौजदार दारात उभा असताना. कागद घेऊन तो गेला तो चार दिवस दवाखान्याकडं फिरकला नाही. पाचव्या दिवशी आला आणि तिची ओपीडी संपेपर्यंत पेशंटच्या बाकावर बसून राहिला.

गुळाचा खडा: घ्या! अजून काय पाहिजे?

कागदी घोडा: पुढच्या वेळी लिहिताना तिला ते चार दिवस आठवले तर?

पेठेतला पैलवान: आठवू देत की. त्यालाबी ते दोन वळ आठवत्यात.