शिराझ मुरवायची तर आधी जागा बघा

सांगलीत शिराझची (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाच्या रेड वाइनची) बाटली आठ-दहा वर्षं ठेवली तर चालेल का, असं एकाने विचारलंय. चालेल, पण वाइन मुळात टिकाऊ हवी. टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा), आंबटपणा आणि फळाचा दाटपणा, तिन्ही लागतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातली पेनफोल्ड्स कंपनीची ग्रेंज ही शिराझ (तिथल्या वाइनमेकर मॅक्स शूबर्टने ती १९५१ मध्ये सुरू केली) चांगल्या सालाची असेल तर ३० वर्षं सहज काढते. रोजच्या पिण्यातली शिराझ मात्र दोन-तीन वर्षांत संपवावी.

खरा शत्रू आपला उन्हाळा. मी एकाच पेटीतल्या दोन बाटल्या सहा वर्षं ठेवल्या होत्या. एक विश्रामबागच्या घरी माळ्यावर, दुसरी वाइनच्या फ्रिजमध्ये १३ अंशांवर. माळ्यावरच्या बाटलीचं बूच वर सरकलेलं, रंग विटकरी आणि चव शिजवलेल्या मनुकांची. तासगावची मनुका मला जिवापाड आवडते, पण पेल्यात ती चव लागली तेव्हा फार वाईट वाटलं.

दुसरी मात्र अप्रतिम! जांभूळ आणि काळ्या मिरीचा सुरुवातीचा झणका मऊ झालेला, मागून चामडं, तंबाखू, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. घोट उतरल्यावरही चव कितीतरी वेळ रेंगाळली.

बूच असलेली बाटली आडवी ठेवा, अंधारात. उघडण्याआधी दिवसभर उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसतो, मग सावकाश ओता. आणि जमलं तर एकाच सालाच्या तीन बाटल्या घ्या, दर तीन वर्षांनी एक उघडा.