राशिस्वामी वाढवण्याआधी

राशीचा स्वामी म्हणजे तिचा अधिपती मानलेला ग्रह. सेरेस आणि एरिस या बटुग्रहांपैकी सेरेसला कन्या आणि एरिसला तूळ दिली की बारा राशींना बारा वेगळे स्वामी होतात, असं काही जण म्हणतात. हे म्हणणं मला पटत नाही. सोलापुरातल्या बाळीवेशीतल्या आमच्या घरी आजोबांनी पाटीवर शिकवलं होतं: कर्क चंद्राची, सिंह रवीची. तिथून दोन्हीकडे एकेक घर सरकायचं. मिथुन-कन्या बुध, वृषभ-तूळ शुक्र, मेष-वृश्चिक मंगळ, मीन-धनु गुरू, शेवटी कुंभ-मकर शनी. गती मंदावते तसा ग्रह लांब जातो. इतकी देखणी रचना आहे ही! मधलीच तूळ काढून एरिसला दिली की क्रमच मोडतो.

शिवाय गती बघा. शनी एका राशीत अडीच वर्षं. प्लूटोची फेरी सुमारे २४८ वर्षांची, एरिसची ५५० हून जास्त. आमच्या सोलापुरात शाळेच्या एका वर्गातल्या साऱ्या मुलांचा एरिस एकाच राशीत, त्यांच्या आईवडिलांचाही बहुधा तिथेच. मग एकाची पत्रिका दुसऱ्यापासून वेगळी कशी वाचणार?

हर्षल (युरेनस), नेपच्यून मी कुंडलीत मांडतो, स्वामित्व देत नाही. सेरेसची फेरी मात्र साधारण ४.६ वर्षांची, गुरूपेक्षाही जलद. तिच्याबद्दल तुमच्याकडे पडताळलेल्या पत्रिका असतील तर जरूर मांडा, मी मनापासून वाचेन.